देठ वाटेकडं

वखारीतला मोठा काटा संध्याकाळी मोकळा झाला की आम्ही आमच्या पाठपिशव्या त्याला लावायचो. एका पारड्यात वशाची, दुसऱ्यात माझी. त्या शुक्रवारीही लावल्या. वशाची पिशवी वर राहिली, माझी खाली बसली. "किसन्या, लोखंड भरलंस काय?" वशा म्हणाला. मी पातेलं काढून त्याच्या पिशवीत टाकायला गेलो तर म्हणाला, "पातेलं राहू दे तुझ्याकडं. दोर मला दे." दोर म्हणजे साठ हात काथ्याचा, दव खाल्लं की मेल्या म्हशीसारखा जड. आजवर मी तो कुणाला उचलू दिला नव्हता. मागच्या आठवड्यात ओंडका उतरवताना माझी पाठ धरली होती, म्हणून म्हणत असेल असं मला वाटलं. बरं वाटलं. दोर दिला. काटा डुलला, डुलला आणि सरळ उभा राहिला. वशानं बोटानं पारडं थांबवलं आणि म्हणाला, "झालं. आता दोघं सारखे." आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. आपण रविवारी जाणार नाही, हे त्याला तेव्हाच माहीत होतं. तरी त्यानं तोललं.

हे तोलायचं खूळ लहानपणीचं. पांडवलेण्यावर जाताना पाण्याचा डबा कुणी किती वेळ धरला यावरून एकदा आमची मारामारी झाली, वशाचा दात पडला. माझा बाप तेव्हा याच वखारीत लाकूड फोडायचा. त्यानं दोघांचे कान धरले, दोन्ही पिशव्या काट्याला लावल्या आणि म्हणाला, "आता भांडा." तेव्हापासून डोंगरात जायचं म्हटलं की आधी तोलायचं. बाप गेल्यावर मी त्याच्या जागी लागलो. पेठ-हरसूलकडून लाकडाचे ट्रक यायचे, ते उतरवायचे, फोडायचे, तोलून द्यायचे. शेठ ओरडायचे, "अरे, काटा माझा जळणासाठी हाये, तुमच्या उंडगेपणासाठी नाय!" पण काटा सरळ उभा राहीपर्यंत तेही गल्ल्यावरून मान वाकडी करून बघत राहायचे.

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीतही मास्तरांनी ढकलला म्हणून. हे लिहितोय ते अलकाच्या, माझ्या मुलीच्या, नादानं. गिरजा, माझी बायको, जाऊन चौदा महिने झाले. अलका सिन्नरला दिलीय, ती महिन्यातून दोनदा येते, डबे धुते, माझ्यावर चिडते. मागच्या खेपेला शंभर पानी वही आणली आणि म्हणाली, "बाबा, दिवसभर भिंतीकडं बघत बसता, त्यापेक्षा तुमचं ते डोंगरातलं लिहा." तिला वाटलं मी करवंदांचं आणि टाक्यातल्या गार पाण्याचं लिहीन. ते लिहायला मला काही अडचण नाही. पण डोंगर आठवायला बसलो की हेच वर येतं. जे वर येतं तेच लिहिणार.

वशा म्हणजे वसंत, आमच्याच गल्लीतला, चार घरं सोडून. आमची गल्ली तांबट आळीच्या पाठीमागं. सकाळी आठला जो ठोका सुरू व्हायचा तो दिवेलागणीला थांबायचा. हंडे, कळश्या, घंगाळी, सगळं ठोकून ठोकून गोल करायचे. आमच्या आईला त्या आवाजानं ऐकू येणं कमी झालं होतं, त्यामुळं आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे, फक्त गिरजा सोडून. गिरजा हळू बोलायची आणि आईला तिचंच बरोबर ऐकू यायचं. वशा शिकला. मॅट्रिक झाला, कॉलेजात गेला, सरकारी कचेरीत कारकून लागला, पांढरा शर्ट घालायला लागला. शाळेनं आमचे रस्ते वेगळे केले, पण रविवार एकच राहिला. शनिवारी मी लाकूड फोडून आणि तो फायली उचलून सुटला की दोघं निघायचो. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज, कळसूबाई. देवळाली कॅम्पातून घेतलेल्या लष्कराच्या जुन्या पिशव्या, माझ्या पायात टायरच्या चपला, त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट. नकाशा तो वाचायचा, वाट मी शोधायचो. नकाशात वाट नसते, वाटेची रेघ असते. वाट ढोरांच्या खुरांना माहीत असते आणि गुराख्यांना. मी गुराख्यांशी विडी ओढत बसायचो, तेवढ्यात वशा बसचा टाइम कागदावर मांडायचा.

खूण मला अंजनेरीच्या एका म्हाताऱ्या गुराख्यानं शिकवली. दोन वाटा फुटतात तिथं घाणेरीची डहाळी तोडायची, आपण ज्या वाटेनं गेलो तिच्याकडं देठ करून ठेवायची आणि वर दगड. देठ वाटेकडं. घाणेरीच का, तर ती कुठंही मिळते आणि तिला जनावर तोंड लावत नाही, खूण जागेवर राहते. शिवाय ती सकाळी तोडलेली दुपारी मान टाकते, म्हणजे पुढचा माणूस किती लांब आहे ते पानावरून कळतं. पुढं असेल त्यानं ठेवायची, मागं असेल त्यानं दगड उचलायचा आणि डहाळी फेकून द्यायची, म्हणजे उद्या कुणी परका त्या खुणेनं भलतीकडं जायला नको. मी बहुतेक पुढं असायचो. वशा मागून डहाळ्या फेकत यायचा. सांजेला भेटलो की विचारायचो, "किती?" तो म्हणायचा, "सात." मी ठेवल्या तेवढ्या त्यानं उचलल्या असल्या की बरं वाटायचं. का वाटायचं ते सांगता येणार नाही.

आमच्या डोक्यात दोन वर्षं एकच होतं. अचल्यापासून चांदवडपर्यंत, सातमाळेची सगळी रांग, पायी. अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या, धोडप, पुढं कांचना, राजधेर, इंद्राई. आठ मुक्काम. डांबरी रस्ता आडवा आला तर ओलांडायचा, त्याच्यावरून चालायचं नाही. त्यासाठी मी दोन हिवाळे एकेक तुकडा जाऊन बघून आलो होतो, एकटा, कारण वशाला कचेरीतून सुटका व्हायची नाही. कुठल्या टाक्यात मार्गशीर्षापर्यंत पाणी टिकतं, कुठल्या खिंडीत वाडी आहे, रवळ्या-जावळ्यावरून धोडपकडं उतरताना मळलेली वाट सोडून डावीकडं कुठं वळायचं, सगळं मी त्याला सांगितलं आणि त्यानं वहीत लिहून घेतलं. मला लिहायला वेळ लागायचा, म्हणून त्यानं लिहिलं. शेठकडं आयुष्यात पहिल्यांदा दहा दिवसांची रजा मागितली. शेठ म्हणाले, "डोंगरात काय पुरलंय रे तुझं?" मी म्हणालो, "पुरलेलं नाय शेठ, सगळं उघड्यावरच हाये." हसले आणि दिली.

शनिवारी पहाटे मला भाकरी थापायच्या आवाजानं जाग आली. त्या घरातला माझा सगळ्यात आवडता आवाज, तांबट उठायच्या आधीचा. गिरजाला तेव्हा पाचवा महिना होता. चुलीपुढं बसताना एक हात जमिनीवर टेकून बसायची. बाजरीच्या भाकऱ्या, तीळ लावलेल्या, चांगली जाड चवड. मी म्हणालो, "आपलं तर उद्याय. आज कशाला?" ती तव्याकडं बघत म्हणाली, "काकूंकडं द्यायच्यात. त्यांच्याकडं पाहुणे आलेत." काकू म्हणजे वशाची आई. मी बरं म्हटलं आणि परत पडलो. ते खोटंही नव्हतं म्हणा. भाकऱ्या काकूंच्या घरीच गेल्या.

रविवारी पाचला मी सीबीएसच्या एसटी स्टँडवर हजर. पिशवी पायात धरून वणीच्या फलाटावर उभा. गिरजानं मला वेगळ्या भाकऱ्या दिल्या होत्या, कमी दिल्या होत्या, पण मी पिशवी बांधण्याच्या नादात बघितलं नाही. निघताना ती उंबऱ्यापर्यंत आली, "सांभाळून," एवढंच म्हणाली, आणि माझ्याकडं बघायच्या ऐवजी पिशवीकडं बघत राहिली. पहिली गाडी लागली, भरली, गेली. वशा नाही. कंडक्टर ओळखीचा, माझ्याकडचं जळण घ्यायचा. म्हणाला, "काय किसनराव, जोडीदार अंथरुणातच का?" दुसरी गाडी लागायच्या आत मी पळत वशाच्या घरी गेलो. काकू अंगणात सडा टाकत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला.

"अरे, तू इथं? तो तर कालच गेला की."

"कुठं गेला?"

"तुमच्या त्या डोंगरात. कचेरीतल्या साहेबांचा मुलगा अन् त्याचे मित्र आलेत ना, क्लबवाले, त्यांच्याबरोबर. म्हणाला, किसनला शेठनी रजा नाय दिली." मग माझ्या पिशवीकडं बघून त्या म्हणाल्या, "नाय का दिली?"

मी काय बोललो आठवत नाही. आठवतं ते एवढंच की माझ्या मनात राग आला नाही. आला असता तर मी घरी गेलो असतो. मला वाटलं, काहीतरी चुकामूक झाली. शेठनी नाही म्हटलं असं कुणीतरी वशाला सांगितलं असेल आणि साहेबाच्या मुलापुढं त्याला थांबता आलं नसेल. माणूस आपल्या माणसासाठी किती कारणं शोधतो बघा. मी पुढच्या गाडीत बसलो. आमचे मुक्काम मीच ठरवलेले होते, त्यामुळं रविवारी सांजेला, दुसऱ्या मुक्कामाला, ते रवळ्या-जावळ्याच्या पठारावर असणार हे मला पाठ होतं. वणीला उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा डांबरावरून चाललो, घाईत, चपला वाजवत. ऊन चढलं होतं. मार्कंड्या डाव्या हाताला, त्याच्या मागं सप्तशृंगाचा कडा. एरवी मी त्याच्याकडं बघत उभा राहिलो असतो.

बाबापूरच्या खिंडीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तिथं वाट दोन बाजूंना फुटते. मी वाकून बघायला लागलो आणि मला दगड दिसला. दगडाखाली घाणेरी. देठ वर, पठाराकडं. पानं हिरवी, जरा मऊ पडलेली, म्हणजे फार तर दोन तास झालेले. मी तिथं खाली बसलो आणि हसलो. एकटाच. वशा मला विसरला नव्हता. रजा मिळाली तर मी मागून येणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं माझ्यासाठी खूण ठेवली होती. मी दगड उचलला, डहाळी फेकून दिली, नियमाप्रमाणं. पुढं अर्ध्या डोंगरावर दुसरी. तिसरी कारवीच्या रानात, चौथी ओढ्याच्या कोरड्या पात्रात. प्रत्येक डहाळी आधीच्यापेक्षा ताजी. मी मोजत गेलो, कारण सांजेला वशाला "सात" की "आठ" ते सांगायचं होतं. पाठ दुखत होती, पातेलं मणक्याला लागत होतं, आणि मी शीळ घालत होतो. अलका, तू हे वाचशील तेव्हा तुला तुझ्या बापाची कीव येईल. येऊ दे. मला अजून येते.

पठारावर गवत कमरेएवढं, पिवळं धमक. पलीकडं धोडप उभा, ती भिंत आणि मधी पडलेली खाच, उतरत्या उन्हात तांब्यासारखी तापलेली. गवळ्याच्या झोपडीजवळ चार-पाच जण दिसले. त्यांच्या निळ्या-लाल नायलॉनच्या पिशव्या, स्टो पेटवलेला, एकाच्या गळ्यात कॅमेरा. दोन पोरं नुकतीच पोचल्यासारखी आडवी पडली होती, बुटातून पाय काढून. मी आमची हाळी दिली. सगळ्यांनी मान वर केली. वशा दोराचं वेटोळं करत होता, माझा दोर, आणि त्याच्या हातातून तो सुटला.

"किसन्या?"

"रजा मिळाली रे! काकू म्हणाल्या तुला वाटलं नाय मिळाली. पण खुणा बराबर ठेवल्यास. सहा उचलल्या."

वशा दोर उचलायला वाकला. आडव्या पडलेल्या पोरांतला एक उठून बसला. "त्या खुणा तुम्ही काढल्या? अहो, आम्ही मागं राहतो म्हणून त्या आमच्यासाठी ठेवतात हे वसंतराव. बरं झालं आम्ही पुढं निघून आलो होतो." तो वाईट बोलला नाही. हसूनच बोलला. दुसऱ्यानं वशाला विचारलं, "हेच का तुमचे वखारवाले? तुम्ही तर म्हणालात त्यांना जमत नाही." साहेबाच्या मुलानं मला पाणी दिलं, अदबीनं, पाहुण्याला देतात तसं. मी पाहुणा झालो होतो.

मी पिशवी उतरवून बसलो. अजून मला वाटत होतं की आता वशा काहीतरी म्हणेल आणि सगळं जागेवर येईल. तेवढ्यात कॅमेरावाल्यानं जेवण काढलं. "वसंतराव, त्या तिळाच्या भाकऱ्या राहिल्यात अजून. लय भारी आहेत." आणि त्यानं गाठोडं मधी ठेवलं. हिरव्या लुगड्याचं फडकं, कडेला पिवळा काठ. गिरजाच्या लग्नातलं लुगडं, फाटल्यावर तिनं त्याची चार फडकी केली होती, माझ्या शिदोरीसाठी. गाठही तिचीच. ती चारी टोकं बांधत नाही, दोन बांधते आणि दोन आत खोचते. म्हणायची, म्हणजे चालत्या माणसाला एका हातानं सोडता येतं. त्या पोरानं एका हातानं ते सोडलं.

तिला काही न देता गप्प बसता आलं असतं. पण कुणी डोंगरात चाललंय म्हटल्यावर भाकरी दिल्याशिवाय तिला राहवलं नाही, आणि भाकरी बांधायची म्हटल्यावर तिचा हात त्या फडक्याकडंच गेला. तेवढीच तिची चूक. साध्या कागदात बांधल्या असत्या तर मला आजपर्यंत कळलं नसतं.

"हे तुला कुणी दिलं?" मी विचारलं.

वशानं त्या पोरांकडं बघितलं, मग मला कोपराला धरून झोपडीच्या मागं नेलं. गवळ्याच्या म्हशी बांधलेल्या होत्या तिथं उभे राहिलो.

"वहिनींनी दिलं," तो म्हणाला. "पंधरा दिवसांपूर्वी आल्या होत्या आमच्याकडं. हात जोडले रे त्यांनी माझ्यापुढं. म्हणाल्या, भाऊजी, यांना या खेपेला नेऊ नका. आठ मुक्काम हे डोंगरात आणि मला काही झालं तर मी कुणाला हाक मारू?"

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू राहिला असतास?"

वशा मला ओळखून होता. मी राहिलो नसतो. आता खोटं कशाला लिहू? याच्या आधी गिरजाचं दोनदा पोट पडलं होतं. दुसऱ्या वेळी मी हरिहरवर होतो, दोन दिवस. आई बहिरी, रात्रभर तिला कळलंच नाही. सकाळी काकूंनी टांगा केला. मी सोमवारी घरी आलो, तेव्हा पाठपिशवीत गिरजासाठी करवंदं होती. म्हणजे तिला भीती वाटायला जागा होती. पण तेव्हा म्हशींच्या मागं उभं राहून मला ते सुचलं नाही. सुचलं ते दुसरंच.

"तिनं हात जोडले म्हणून तू मला सोडलंस," मी म्हणालो. "मग तू का नाय राहिलास? आपण दोघं नसतो आलो. पुढच्या वर्षी आलो असतो."

"साहेबांचा मुलगा..." वशा म्हणाला. "त्यांना वाट माहीत असलेला माणूस हवा होता. पुढं त्यांचा विचार हिमालयात जायचा आहे. मला नेतील म्हणालेत. किसन्या, तुझ्यासारखा मला सगळा जन्म लाकडं..." तिथं त्यानं जीभ चावली.

"बोल. लाकडं फोडत काढायचा नाय."

"तसं नाही रे."

"वाट माहीत असलेला माणूस म्हणे! वशा, तुला कुठली वाट माहीत हाये? तुला माझी वही माहीत हाये."

"वही माझी आहे," तो म्हणाला. चिडून म्हणाला, आणि मग त्यालाच लाज वाटली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. आता आलाच आहेस तर चल. मी सांगतो त्यांना. भात पुरेल."

आलाच आहेस तर. ज्या वाटा मी दोन हिवाळे एकटा फिरून शोधल्या, त्या वाटेवर मला तो आलाच आहेस तर चल म्हणत होता. मारलं असतं त्याला. दात एकदा पाडलाच होता. पण त्याला मारून गिरजाचं काय करणार होतो? वशानं फसवलं ते मला कळत होतं. कचेरी, साहेब, हिमालय. त्यात समजायला अवघड काही नाही. पण माझ्या चुलीपुढं बसून, मी चार हातांवर झोपलेलो असताना, माझ्याच जोडीदारासाठी तिनं भाकऱ्या थापल्या आणि मला म्हणाली पाहुणे आलेत. आईशीसुद्धा मनातलं हळू आवाजात बोलणारी बाई. हात जोडायचे होते तर माझ्यापुढं जोडायचे होते, गिरजा. मी ऐकलं नसतं, भांडलो असतो, ताट भिरकावलं असतं. पण तू मला विचारलं असतंस.

हे मी तिला कधी बोललो नाही. घरी गेल्यावर फडकं तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते उचललं, धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. ती काही म्हणाली नाही आणि मी काही विचारलं नाही. उन्हाळ्यात अलका झाली, चांगली धडधाकट, रडायला लागली की तांबटांचा ठोका ऐकू यायचा नाही. वशाशी मी पुन्हा बोललो नाही. त्याची बदली झाली, नंतर तो वारल्याचं कुणीतरी सांगितलं. पण गिरजाशी मी चाळीस वर्षं बोललो, रोज, भाजीचं, भाड्याचं, अलकाच्या सासरचं, तिच्या गुडघ्यांचं, आणि ही एक गोष्ट सोडून. शेवटच्या महिन्यात मी तिला चमच्यानं पेज भरवायचो. एकदा ती माझा हात धरून म्हणाली, "तुम्हाला डोंगर लय आवडायचा, नाय?" मला वाटलं आता सांगेल. मी म्हणालो, "पेज पी." असा मी. तिनं दार उघडलं आणि मी चमचा पुढं केला. अचला ते चांदवड माझ्याच्यानं झालं नाही ते नाहीच. त्याचं मला काही वाटत नाही असं मी लोकांना सांगतो.

तर त्या सांजेला मी त्यांच्यात जेवलो नाही. गवळ्यानं ताक-भात दिला, तो खाऊन त्याच्या ओसरीला पडलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना उठलो. ते सगळे नायलॉनच्या पिशव्यांत गुरफटून झोपले होते, वशा माझा दोर उशाला घेऊन. दोर मी तसाच राहू दिला, पुढं धोडपवर त्यांना लागणार होता. पातेलं पिशवीतून काढलं आणि त्याच्या डोक्याशी उपडं ठेवलं, कारण झाकण त्याच्या पिशवीत होतं आणि झाकणाशिवाय पातेलं मला काय करायचं? हिरवं फडकं तेवढं उचललं, त्यातल्या उरलेल्या दोन भाकऱ्या काढून दगडावर ठेवल्या आणि फडकं कमरेला बांधलं.

पठाराच्या टोकाला वाट फुटते. उजवीकडची मळलेली, रुंद, बैलगाडी जाईल अशी दिसते, आणि पुढं शंभर पावलांवर गवतात शिरून कड्यावर संपते. धोडपची खरी वाट डावीकडं, कारवीतून, वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. वहीत ती लिहिलेली होती, पण वहीतलं डावं-उजवं तिथं उभं राहिल्यावर कळत नाही. मी तिथं थांबलो. पाप मनात आलं, ते लपवत नाही. काही करायचं नव्हतं, नुसतं काही न ठेवता निघून जायचं होतं. मग घाणेरीची डहाळी तोडली, देठ डावीकडं, धोडपकडं केला, आणि वर चांगला मोठा दगड ठेवला, वाऱ्यानं हलू नये असा. ही वशासाठी. मागून येऊन तो उचलेल.

तिसरी वाट तिथनं खाली उतरते, मुळाण्याकडं, गाडीला आणि घराला. तिच्या तोंडाशी मी दुसरी डहाळी तोडली. देठ खाली, मी चाललो तिकडं. तिच्यावरचा दगड उचलायला मागून कुणी येणार नाही हे मला माहीत होतं. तरी ठेवला, नीट दाबून, आणि उतरायला लागलो.